दोन एकरांचे विमान

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात दौंड तालुक्यातील राहू हे गाव वसले आहे. या बेटात उसाखेरीज दुसरे काही पिकत असेल अशी शंकादेखील प्रथम जाणाऱ्याच्या मनास शिवत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस फड, फडांच्या आडून वर येणारा गुऱ्हाळांचा धूर, आणि हंगामात साऱ्या पंचक्रोशीवर पसरलेला गुळाचा वास. ज्या ग्रहास धड नाही आणि जो केवळ मस्तकाच्या बळावर सूर्यचंद्रांचा आकाशभर पाठलाग करीत असतो, त्याचे नाव धारण करणारे हे गाव स्वतः मात्र जमिनीला घट्ट धरून आहे. आमचे आजोळ तिकडचे; त्यामुळे वर्षातून एकदा तरी तेथे जाणे घडते.

गेल्या दिवाळीत असाच गेलो असता एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. बरोबर त्याचे वडील होते. मुलाच्या हातात हिशेबाची वही होती आणि वडिलांच्या हातात सात-बाराचा उतारा; या दोन कागदांचे एकमेकांशी पटत नाही हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसत होते. मुलास विमान चालवावयास शिकावयाचे होते. तेवढ्यावर भागले असते. परंतु त्यास स्वतःचे विमानही बाळगावयाचे होते. मोठ्या कंपनीचा वैमानिक व्हावयाचे म्हणजे चाळीस-पन्नास लाख रुपये हवेत, ते आपल्याकडे नाहीत, हे त्यास मान्य होते. म्हणून मायक्रोलाइट नावाचे जे दोन आसनांचे हलके विमान मिळते, ते जुने पाहून घ्यावे, आणि त्यासाठी नदीकडची दोन एकर जमीन विकावी, असा त्याचा बेत होता.

वडील शांतपणे म्हणाले, "सर, लोक जमीन विकून दुसरीकडं जमीन घेतात, न्हाईतर पोरीचं लगीन करतात. ह्यो जमीन विकून आभाळ घ्यायचं म्हणतोय. तुम्ही इतिहास शिकवता. असं आधी कुणी केलंय का, आणि केलं असंल तर त्याचं पुढं काय झालं, तेवढं सांगा."

एवढा नेमका प्रश्न मला वर्गात तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुण्यास परतल्यावर पुस्तके चाळून जे जुळविले ते येथे मांडीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, विमान ही मुळात श्रीमंतांची वस्तू नव्हे. अमेरिकेतील डेटन या गावी सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे यंत्र १२ सेकंद हवेत ठेवले, त्याच्या उभारणीस प्रवासखर्चासह एक हजार डॉलरांहूनही कमी रक्कम लागली होती, आणि ती दुकानाच्या गल्ल्यातून आली होती. त्याच वर्षी प्रोफेसर लँग्ली या थोर शास्त्रज्ञाने अमेरिकन युद्धखात्याकडून ५०,००० डॉलर घेऊन बांधलेले यंत्र पोटोमॅक नदीत दोनदा बुडाले. प्राध्यापकांच्या बाबतीत असे घडावे याचे मला वैषम्य वाटते. पण घडले खरे. पुढे सांतोस द्युमाँ या ब्राझिलियन गृहस्थाने पॅरिसमध्ये 'डेम्वाझेल' नावाचे चिमुकले विमान केले. त्याच्या सांगाड्यात चक्क बांबू होते आणि पंखांवर रेशीम. गृहस्थ कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा, पैशाला तोटा नाही. त्याने या यंत्राचा हक्क राखून न ठेवता आराखडे सर्वांस मोकळे केले, आणि १९१० साली ते एका लोकप्रिय अमेरिकन मासिकात छापूनही आले. ज्यास सुतारकी येते त्याने घरी विमान करावे, ही कल्पना तेव्हापासूनची.

येथे कोणी वाचक शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेईल, म्हणून दोन शब्द लिहितो. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी विमान उडविले ही कथा आपल्याकडे भक्तिभावाने सांगितली जाते. तळपदे खरे होते, त्यांची जिज्ञासाही खरी होती. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय असा समकालीन पुरावा नाही. ज्या जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या विमानशास्त्राचा आधार देण्यात येतो, त्यातील यंत्रे उडू शकणारी नाहीत, असा निर्वाळा बंगलोरच्या विज्ञानसंस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दिला. आपण पुष्पकाच्या आठवणीवर फार काळ समाधान मानून राहिलो, एवढेच यातून निघते.

खरे स्वस्त विमान आले ते इंग्लंडात, १९२५ च्या फेब्रुवारीत. त्याचे नाव मॉथ, म्हणजे पतंग. जॉफ्री डी हॅविलँड याने ते बांधले, आणि त्याच्या स्वस्ताईचे रहस्य मोठे गमतीचे आहे. पहिल्या महायुद्धातून उरलेली आठ नळकांड्यांची इंजिने पडून होती. हॅलफर्ड नावाच्या कारागिराने त्यांचे सुटे भाग घेऊन चार नळकांड्यांचे, म्हणजे जणू अर्धे, इंजिन तयार केले. साठ घोड्यांची शक्ती, एकापुढे एक अशी दोन आसने, आणि पंख मागे दुमडता येत असल्याने मोटारीच्या छपरात मावणारे विमान. पुढे १९२८ च्या सुमारास निघालेल्या जिप्सी मॉथची किंमत ६५० पौंड होती. त्या वेळच्या दीड शिलिंगाच्या रुपयाने हिशेब केला तर साडेआठ हजार रुपयांहून किंचित अधिक. ही रक्कम त्या काळच्या कारकुनाच्या कल्पनेपलीकडची होती. पण संस्थानिकाचीच तिजोरी हवी, असेही राहिले नव्हते.

पण इंग्लंडात सामान्य माणूस उडू लागला तो मॉथ विकत घेऊन नव्हे, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९२५ पासून तेथील विमानखात्याने क्लबांना मदत देण्यास आरंभ केला. विमान क्लबाचे, छप्पर क्लबाचे, मिस्त्री क्लबाचा, शिकविणारा क्लबाचा. सभासदाने वर्गणी द्यावी आणि जितका वेळ उडेल तितक्याचे पैसे भरावे. याच नमुन्यावर १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात दिल्ली, कराची, मुंबई अशा ठिकाणी क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूच्या मैदानावर होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला तो या क्लबात शिकूनच. आगाखानांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने तोडणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा १९३० मध्ये ते पटकावले अस्पी इंजिनिअर या सतरा वर्षांच्या मुलाने. रेल्वेतील इंजिनिअरचा मुलगा तो. वाटेत अलेक्झांड्रियाजवळ त्याच्या इंजिनाला प्लग मिळेनात. उलट दिशेने निघालेले टाटा तेथे उतरले होते, ते याच शर्यतीतील त्याचे प्रतिस्पर्धी. त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले, आणि शर्यत थोडक्यात हरले. हाच मुलगा पुढे भारतीय हवाईदलाचा प्रमुख झाला. बक्षिसाची रक्कम विमानाच्या किंमतीहून दीडशे पौंडांनी कमी होती, हेही जाता जाता नमूद करतो.

टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान उतरविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिची दुसरी बाजू पुणेकरांसही फारशी ठाऊक नसते. जुहूचे मैदान पावसाळ्यात भरतीच्या पाण्याखाली जाई; तेव्हा सारे बिऱ्हाड उचलून पुण्यास आणावे लागे. हिंदुस्थानातील ज्या पहिल्या हवाई धंद्याचे आपण एवढे कौतुक करतो, त्यास चार महिने उतरण्यापुरती कोरडी जमीन मिळेना. विमान होते, वैमानिक होता, टपाल होते, भूमी नव्हती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. राहूच्या वहीत तो नव्हता.

मॉथने श्रीमंतीची एक पायरी उतरविली, तर फ्रान्समधील आँरी मिन्ये या विक्षिप्त मनुष्याने ती शिडीच काढून टाकण्याचे मनात आणले. क्लब नको, शाळा नको, सरकार नको. ज्याला खिळे ठोकून खोके करता येते त्याने विमान करावे, असा त्याचा एकूण अभिप्राय. १९३३ च्या सप्टेंबरात त्याने आपले 'आकाशातील ऊ' या अर्थाच्या नावाचे विमान उडविले आणि पुढील वर्षी ते कसे बांधावे याचे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजीत त्या यंत्रास 'फ्लाइंग फ्ली', म्हणजे उडती पिसू, म्हणू लागले. पुस्तकाच्या प्रती हातोहात खपल्या. इंग्लंड-फ्रान्सच्या परसांत, दिवाणखान्यांत, गाडीखान्यांत शिंपी, शिक्षक, कारकून, यंत्रशाळेतील मजूर रात्री जागून लाकडे तासू लागले. ज्यांना कधीही क्लबाची वर्गणी परवडली नसती अशी ही माणसे. त्यांच्या उत्साहाबद्दल मला अद्याप आदर वाटतो, आणि म्हणूनच पुढची हकीकत लिहिणे जड जाते.

त्या विमानास एकामागे एक असे दोन पंख होते आणि पुढचा पंख कलता करून ते वरखाली नेण्याची योजना होती. साध्या उड्डाणात ती चाले. पण यंत्र एकदा तीव्र कोनात खाली झुकले की दोन पंखांमधून वाहणारी हवा एकमेकींस अडवी, आणि दांडा कितीही ओढला तरी नाक वर येईना. माणसे मरू लागली. १९३६ साली दोन्ही देशांतील तज्ज्ञांनी ते यंत्र वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासले, दोष सिद्ध झाला, आणि सरकारांनी त्याच्या उड्डाणास बंदी केली. शेकडो अर्धवट सांगाडे छपरांत धूळ खात पडले. मिन्ये लबाड नव्हता. तो स्वतः त्याच यंत्रात बसत असे. त्याची चूक एवढीच की, बोगद्यातील परीक्षा ही एकट्या मनुष्याच्या खिशाबाहेरची वस्तू आहे हे त्याने मानले नाही. विमानातील जो भाग स्वस्त करता येतो तो त्याने स्वस्त केला. जो करता येत नाही तो त्याने गाळला.

आता आपल्या भागाकडे वळू. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊस लावून ज्यांनी वालचंदनगर वसविले, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर दरबारच्या साहाय्याने बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. १९३९ साली अमेरिकेहून निघालेल्या एका विमानात विल्यम पॉली नावाचा विमानांचा व्यापारी त्यांना सहप्रवासी म्हणून भेटला, आणि तेथून हे सारे उद्भवले. म्हणजे उसाचा आणि विमानाचा संबंध माझ्या विद्यार्थ्याने प्रथम जोडला असे नव्हे. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदांचे स्वप्न त्यांच्या हाती राहिले नाही, पण कारखाना राहिला.

त्या कारखान्यात आरंभापासून एक मराठी मनुष्य आराखडे काढीत बसला होता. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल या आचार्यांजवळ, ज्यांना आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडाले. सामान्य वाचकास त्यांची लढाऊ विमानाशी संबंधित कामगिरी अधिक मोठी वाटेल. मला त्यांचे सर्वांत लहान काम अधिक महत्त्वाचे वाटते. २८ सप्टेंबर १९५८ रोजी उडालेले ते विमान शेजारी शेजारी दोन आसनांचे, वर पंख असलेले, कापडाने मढविलेले, ९० घोड्यांच्या इंजिनाचे, आणि भरल्या अंगी सहाशे किलोंच्या थोडे वर वजनाचे होते. त्याचे नाव ठेवले पुष्पक. ज्या पुष्पकाच्या नुसत्या नावावर आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमान बाळगला, तो अखेरीस एका मराठी गणितज्ञाने कापड आणि नळ्या यांतून करून दाखविला. सुमारे दीडशे पुष्पके तयार झाली आणि ती देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. सरकारी अनुदानावर चाललेल्या त्या क्लबांत कित्येक मध्यमवर्गीय मुलांनी पहिल्यांदा दांडा हातात धरला. त्यांतील फार थोड्यांच्या मालकीचे विमान पुढे झाले असेल. परंतु ती उडाली. पुढे क्लबांचे रूप पालटले. छंद म्हणून येणारा मागे पडला, आणि दोनशे तास भरून नोकरी मिळवू पाहणारा विद्यार्थी पुढे आला.

पुण्याच्या उंबऱ्यावर याहूनही स्वस्त शाळा होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांवर इंजिनाच्या विमानांचे निर्बंध आले, तेव्हा तेथील तरुणांनी १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमाने उडविण्याचा नाद लावून घेतला. त्या नादाचे सरकारी रोपटे स्वातंत्र्यानंतर हडपसरास लागले. मोटारीने चालणाऱ्या यंत्रावर लांब दोर गुंडाळला जाई, त्याच्या ओढीने ग्लायडर पतंगासारखे चढे, आणि वर दोर सुटला की नुसती वाऱ्याची शीळ. लहानपणी राहूहून परतताना एस. टी. हडपसरजवळ आली की मी खिडकीस नाक लावून बसत असे. एकदा वडिलांपाशी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी, "मॅट्रिक झालास की पाहू," असे सांगितले. पुढे मी मॅट्रिक झालो आणि ते विसरले. मीही आठवण दिली नाही. विद्यार्थ्याची वही पाहताना माझ्या मनात जे थोडेसे दुखले त्याचे कारण हे असावे.

मायक्रोलाइटची उत्पत्ती अशीच घरगुती आहे. १९४८ साली फ्रान्सिस रोगॅलो या अमेरिकन इंजिनिअराने पत्नीच्या साहाय्याने स्वयंपाकघरातील पडद्याच्या कापडातून एक लवचीक पंख बेतला. पुढे त्या पंखाला लोंबकळून माणसे डोंगरांवरून उतरू लागली, आणि सुमारे १९७५ नंतर कोणी त्यास लहानसे इंजिन जोडले. बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांची ऑस्ट्रियन रोटॅक्स इंजिने या कामी पुष्कळ आली. अमेरिकेने १९८२ साली ११५ किलोंच्या आतल्या एकआसनी यंत्रांस वैमानिकाचा परवानाही नको असे ठरविले. आपल्याकडे मात्र नोंदणी हवी, उड्डाणास योग्य असल्याचा दाखला हवा, चालविणाऱ्याचा परवाना हवा. मिन्येची हकीकत वाचल्यावर मला या कागदांचा पूर्वीइतका राग येत नाही. मात्र कागद किती असावे यास काही सीमा असावी. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याच्या चाचण्या २०२० साली झाल्या. गच्चीवर विमान तयार होऊ शकते. गच्चीवरून ते उडू शकत नाही.

हे सारे घेऊन मी मार्गशीर्षात पुन्हा राहूस गेलो. ओट्यावर बसून तिघांनी वही उघडली. मुलाचे विमानाच्या किंमतीचे आकडे चोख होते. त्यांत मी काय सांगणार? मी फक्त विचारले की, यंत्र ठेवणार कोठे आणि उतरविणार कोठे? तो म्हणाला, "सर, त्याला दोन-तीनशे मीटर पट्टी पुरते." मग आम्ही गुणाकार मांडला. तीनशे मीटर लांबी, सत्तावीस मीटर रुंदी. आठ हजार शंभर चौरस मीटर. एकराचे चार हजार सत्तेचाळीस धरले तर बरोबर दोन एकर. जी जमीन विकून विमान यावयाचे, तेवढीच जमीन त्या विमानास खाली येण्यासाठी हवी होती. शिवाय भोवती पुरुषभर उंचीचा ऊस. इंजिन बंद पडले तर त्यात उतरणे म्हणजे बांबूच्या बनात उतरणे. वर लोहगावचा लष्करी तळ हाकेच्या अंतरावर. तेव्हा आभाळदेखील विचारूनच वापरावयाचे.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने नवे पान काढले आणि त्यावर पाच नावे लिहिली: केडगावचा एक गॅरेजवाला, शिरूरचा एक शिक्षक, गावातले दोन मित्र, आणि शेवटी स्वतःचे. भिशीसारखी दरमहा वर्गणी. प्रथम एकाने रीतसर शाळेत जाऊन चाळीस तास पुरे करून परवाना मिळवावयाचा, विमानाचे नंतर पाहावयाचे, आणि घेतलेच तर जेथे धावपट्टी आहे तेथेच पाच जणांचे मिळून ठेवावयाचे. प्रथम कोणी शिकावयाचे यावरून पुढे भांडण होणार हे मला दिसत होते. पण ते मी बोललो नाही.

वडिलांनी सात-बाराची घडी करून बंडीच्या खिशात घातली. उठता उठता त्यांनी वहीतल्या पाच नावांवरून बोट फिरविले आणि विचारले, "दोन जणांचं बसायचं म्हणता ना? मग दुसऱ्या जागंवर कोण बसणार, ते काय ठरलंय?"